वाघ म्हटलं तर हत्ती जिंकेल

आगरदांड्याच्या जेट्टीवर जंगलजेट्टी लागली की आधी गाड्या चढतात, मग माणसं. एकदा ती सुटली की पलीकडच्या दिघीला पोचेपर्यंत कुणालाच काही काम नसतं. मोठी माणसं कठड्याला टेकून खाडी बघतात आणि मुलं मोबाइल काढतात. गेम खेळणारी दोन पोरं शेजारी बसली की बोलणं हमखास एकाच वळणावर येतं : "तुझ्या त्याच्यापेक्षा माझा हा भारी." मग पुरावे निघतात. याने त्याला हरवलं, त्याने तिसऱ्याला हरवलं, म्हणून हा तिसऱ्यापेक्षा वरचा. आईबापांना हे रिकामटेकडेपणाचं लक्षण वाटतं. पण त्याच फेरीतून पश्चिमेकडे, खाडीच्या मुखाशी जो जंजिरा उभा आहे, त्याच्या दारावर नेमका हाच वाद दगडात कोरलेला आहे. या वादाचे नियमही त्या दाराहून कितीतरी जुने आहेत.

जंजिऱ्याचं मुख्य दार लांबून दिसत नाही. राजपुरीहून निघालेली शिडाची होडी तटाच्या अगदी जवळ येते, तरी समोर नुसती भिंतच असते. मग दोन बुरुजांच्या मधली जागा उघडते आणि दार एकदम पुढ्यात येतं. तिथलं ते शिल्प बहुतेकांनी फोटोत तरी पाहिलेलं असतं : शेपूट वर वळवलेला, मांजरकुळातला एक बळकट प्राणी आणि त्याने धरलेले इवलेसे हत्ती. होडीवाले आणि गाइड ते मोजून दाखवतात : चार पायांत चार, एक तोंडात, एक शेपटीत. प्राणी म्हणजे जंजिऱ्याचे सत्ताधीश सिद्दी आणि हत्ती म्हणजे आजूबाजूच्या सत्ता, असा अर्थ सांगितला जातो. पर्यटक मान डोलावतात, फोटो काढतात आणि आत जातात.

इथे थोडं थांबायला हवं, कारण त्या प्राण्याला अनेकजण सहज 'वाघ' म्हणून जातात. आपल्याकडच्या जुन्या हिशेबाने तो वाघ असेल, तर शिल्पाचा अर्थच उलटा होतो. वाघ हत्तीला भितो. हा हिशेब महाभारताचा आहे.

शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एका कुत्र्याची गोष्ट सांगतात. रानात एक ऋषी राहतो आणि त्याच्यापाशी एक निष्ठावान कुत्रा असतो. एक दिवस बिबळ्या येतो आणि कुत्रा घाबरतो. ऋषी त्याला बिबळ्या करतो. मग वाघ येतो, तेव्हा ऋषी त्याला वाघ करतो. पुढे मदाने पिसाळलेला हत्ती येतो आणि वाघ झालेला तो कुत्रा थरथर कापतो, म्हणून ऋषी त्याला हत्ती करतो. हत्तीसमोर सिंह उभा राहतो, म्हणून सिंह. आणि सिंहासमोर येतो शरभ. आठ पायांचा, सगळ्या प्राण्यांचा काळ. ऋषी कुत्र्याला शरभ करतो. आता त्याला भ्यावं असं रानात कुणीच उरत नाही, आणि त्याची नजर वळते ती थेट ऋषीकडे. ऋषी ते ओळखतो आणि त्याला पुन्हा कुत्रा करून हाकलून देतो. उंदराचा वाघ करणाऱ्या आणि शेवटी त्याला पुन्हा उंदीर करणाऱ्या साधूची जी गोष्ट आपण शाळेत वाचतो, ती हितोपदेशातली, याच घराण्यातली.

भीष्मांना या गोष्टीतून राजाला सेवकांची पारख शिकवायची होती. पण गेम खेळणाऱ्या मुलाला ती सांगून बघा. तो तात्पर्याकडे ढुंकूनही बघणार नाही. त्याला दिसेल ती चढती शिडी : कुत्रा, बिबळ्या, वाघ, हत्ती, सिंह, शरभ. प्रत्येक पायरीवर नवा शत्रू आणि त्याला पुरून उरणारं नवं रूप. जगभरचे गेम खेळणारे ज्याला 'पॉवर स्केलिंग' म्हणतात, म्हणजे कोण कुणाहून बलवान याची पायरीपायरीने मांडणी, ती हीच. जंजिऱ्याचं शिल्प याच शिडीवर बसवून पाहिलं की लख्ख उलगडतं. हत्तीच्या वर सिंह आणि सिंहाच्या वर शरभ. म्हणून अभ्यासक अशा शिल्पांना सहसा शरभशिल्पं म्हणतात. दख्खनच्या दारांवरच्या शरभाला आठ पाय नसतात, कधी तो बराचसा सिंहासारखाच दिसतो, तरी त्याची पायरी ओळखू येते. तो कुणाला पकडून आहे यावरून.

आता खरी गंमत पुढे आहे. शरभ हा शिडीच्या टोकाचा प्राणी आहे हे सर्वमान्य झाल्यावर त्याचा वापर कुणी केला ते बघा.

नृसिंहाने हिरण्यकशिपूला फाडलं, इथपर्यंतची कथा सगळ्यांना ठाऊक असते. शैव परंपरेत ती पुढे चालू राहते. हिरण्यकशिपू मेला तरी नृसिंहाचा राग शमला नाही, जग होरपळू लागलं आणि देव शिवाकडे धावले. शिवाने नृसिंहाला आवरलं ते कोणत्या रूपात? शरभाच्या. ही कथा लिंगपुराणात आहे, शिवपुराणातही आहे. नृसिंह म्हणजे अर्धा सिंह. सिंहावर मात करायची तर शिडीवरची पुढची पायरी कोणती, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत होतं. कथा रचणाऱ्याने एखादा अपरिचित, मनाला येईल तेवढा मोठा राक्षसी प्राणी आणला असता, तर समोरच्याने हे तुझं तूच ठरवलंस म्हणून तो उडवून लावला असता. शरभ नाकारणं इतकं सोपं नव्हतं, कारण तो सगळ्यांच्या सामाईक कोठारातला होता.

वैष्णवांनीही तोच मार्ग धरला. त्यांच्या परंपरेत शरभाला आवरायला विष्णू गंडभेरुंड झाला, म्हणजे दोन डोक्यांचा, हत्तींनाही उचलून नेणारा महापक्षी. हाही त्या भांडणासाठी ऐन वेळी घडवलेला नव्हता. कर्नाटकात बळ्ळिगावीला गंडभेरुंडाची मूर्ती असलेला उंच स्तंभ आहे, तो 1047 मधला. म्हणजे पक्षी आधीपासून प्रतिष्ठित होता. त्याला फक्त शरभाच्या वर बसवायचं होतं.

या दोन उत्तरांची दगडी रूपं एकाच शतकातली आहेत. तमिळनाडूत दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर चोळ राजा दुसऱ्या राजराजाचं, बाराव्या शतकातलं. तिथे नृसिंहाला आवरणारा शरभ आहे. देऊळ शिवाचं. कर्नाटकात बेलूरचं चेन्नकेशव मंदिर होयसळ राजा विष्णुवर्धनाचं, 1117 मधलं. तिथे एका शिल्पात सगळी शिडी सलग कोरली आहे : हरणाला अजगर गिळतो, अजगराला हत्ती उचलतो, हत्तीवर सिंह झेपावतो, सिंहाला शरभ धरतो आणि शरभाला गंडभेरुंड. देऊळ विष्णूचं. हत्ती, सिंह, शरभ हा मधला क्रम महाभारतात जो आहे तोच इथेही आहे. तंटा होता तो शेवटच्या पायरीचा. शिडी दोघांनी एकच मानली आणि टोकाला मात्र आपापला देव बसवला.

गेममधल्या वादांची गुरुकिल्ली इथेच आहे. बाहेरच्याला वाटतं, काल्पनिक पात्रांच्या बळाबद्दल काय भांडायचं, लेखक म्हणेल ते खरं. प्रत्यक्षात या वादात मनाला येईल ते बोलता येत नाही. दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या गोष्टीतूनच पुढची पायरी काढावी लागते. बळ काल्पनिक असलं, तरी युक्तिवादाचे नियम खरेखुरे असतात.

अलीकडचं गाजलेलं उदाहरण घेऊ. 2022 च्या फेब्रुवारीत 'एल्डन रिंग' हा गेम आला. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा हिदेताका मियाझाकी त्याचा दिग्दर्शक आणि त्याच्या जगाची पूर्वकथा रचायला जॉर्ज आर. आर. मार्टिन. या जगात मलेनिया आणि राडान असे दोन महायोद्धे आहेत. गेम सुरू होण्याआधी केव्हातरी केलिड नावाच्या प्रदेशात दोघं एकमेकांना भिडले. कुणीच निर्विवाद जिंकलं नाही. मलेनियाच्या अंगातली लाल सड तिथे फुटली आणि अख्खा प्रदेश नासला. राडान वेडा होऊन रणांगणावरची प्रेतं खात भटकू लागला. मलेनियाला तिच्या माणसाने उचलून घरी नेलं. मग वरचढ कोण?

गेम याचं सरळ उत्तर देत नाही. त्याची कथा सांगितली जाते ती तुकड्यातुकड्यांनी : एखाद्या तलवारीच्या वर्णनात दोन ओळी, एखाद्या चिलखताखाली एक, एखाद्या म्हाताऱ्या पात्राच्या बोलण्यात अर्धं वाक्य. खेळणारे हे तुकडे जुळवतात आणि त्यातून बळाचा हिशेब मांडतात. राडानचा पुरावा तर आकाशातला आहे. त्याने गुरुत्वाकर्षणाची विद्या मिळवली होती आणि तिच्या जोरावर ताऱ्यांची गती थोपवून धरली होती. तुम्ही त्याला मारता तेव्हा तारे पुन्हा चालू लागतात आणि त्यातला एक जमिनीवर कोसळून नवा रस्ता उघडतो. अमुक हजार ताकद असा आकडा नाही. तो गेल्यावर जगात काय बदललं, त्यावरून त्याचं बळ मोजायचं. आणि एवढी विद्या तो शिकला कशासाठी? आपल्या प्रचंड देहाखाली लाडका, मरतुकडा घोडा मोडून पडू नये, त्याला सोडावं लागू नये, म्हणून. असं वाचलं की राडानच्या बाजूने भांडणारा माणूस नुसत्या ताकदीच्या बाजूने भांडत नसतो हे लक्षात येतं.

मग 2024 च्या जूनमध्ये या गेमचा विस्तारभाग आला आणि त्या लढाईचं कारणच नव्याने कळलं. मलेनियाच्या जुळ्या भावाला, मिकेलाला, राडान आपला सोबती म्हणून हवा होता आणि तिची लढाई त्यासाठी होती. दोन वर्षं मांडलेले हिशेब पुन्हा मांडावे लागले. गंडभेरुंड आला तेव्हा शरभवाल्यांचंही हेच झालं असेल.

हिशेब मांडताना नुसतं बळ धरायचं की अटीही धरायच्या, हा या वादातला दुसरा मोठा प्रश्न. त्याचाही पहिला दाखला महाभारतातच सापडतो. उद्योगपर्वात युद्ध तोंडावर आलेलं असताना दुर्योधन भीष्मांना विचारतो : दोन्ही सैन्यांत कोण रथी, कोण अतिरथी? भीष्म एकेक नाव घेऊन प्रत्येकाला पायरी देतात आणि कर्णाला म्हणतात अर्धरथी. निम्मा! कारणंही देतात. जन्माची कवचकुंडलं गेली, परशुरामाचा शाप आहे, ब्राह्मणाचाही शाप आहे. द्रोण त्याला दुजोरा देतात. कर्ण असा भडकतो की भीष्म उभे आहेत तोवर शस्त्र धरणार नाही म्हणून बाजूला होतो. भीष्म दहा दिवस सेनापती होते. एका क्रमवारीपायी कौरवांचा कर्ण दहा दिवस लढाईबाहेर राहिला. आवडत्या पात्राला खालची पायरी दिली म्हणून तिरमिरून उठणाऱ्या आजच्या पोराला यात नवल वाटणार नाही.

महाभारतातली अस्त्रं तर अटींनी जखडलेलीच आहेत. कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राने कर्णाला दिलेली वासवी शक्ती एकदाच वापरता येणार होती. ती त्याने अर्जुनासाठी जपून ठेवली आणि रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर खर्चावी लागली. पांडव शोकात बुडाले आणि कृष्ण मात्र आनंदाने नाचला, कारण त्याला हिशेब कळला होता. ब्रह्मशिर अस्त्र सोडणं एक आणि परत घेणं दुसरं. अर्जुन ते परत घेऊ शकला, अश्वत्थाम्याला जमलं नाही. गेम तयार करणारे ज्या गोष्टींवर डोकं झिजवतात, म्हणजे कोणतं अस्त्र किती वेळा चालावं, कुणाला चालावं आणि त्याची किंमत काय असावी, त्या इथे कथेचा कणा आहेत.

कर्ण थोर की अर्जुन, यावर मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली आहेत. 1967 मध्ये शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली आणि कर्णाच्या बाजूला मोठी कुमक मिळाली. आज हेच दोघं 'फेट/ग्रँड ऑर्डर' या जपानी गेममध्ये समोरासमोर उभे आहेत, आणि तिथल्या कर्णाच्या हातात वासवी शक्तीही आहे. त्या गेमच्या नादी लागलेली परदेशातली मुलं मग मूळ ग्रंथात काय आहे ते शोधत निघतात. तिथे गाठ पडते ती पुण्याशी. भांडारकर संस्थेने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि 1966 मध्ये पुरं केलं. देशभरच्या हस्तलिखितांशी पाठ ताडून पाहून, मागाहून शिरलेला मजकूर बाजूला काढून ठेवला. सूतपुत्राला वरणार नाही असं द्रौपदीने भर स्वयंवरात कर्णाला सुनावलं, हा सगळ्यांच्या डोळ्यासमोरचा प्रसंग त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. कर्णाच्या अपमानाचं अर्धं भांडण ज्यावर उभं आहे, तो पुरावाच तळटिपेत गेला. कोणता मजकूर अधिकृत धरायचा यावर रात्री जागवणाऱ्या पोरांचे सर्वांत मोठे पूर्वज डेक्कनच्या त्या इमारतीत हस्तलिखितं पसरून बसले होते, असं म्हणायला हरकत नाही.

या सगळ्यानंतर दख्खनच्या इतिहासाकडे बघितलं की एक वेगळीच गोष्ट नजरेत भरते. ही शिडी कुणा एका धर्माची किंवा राज्याची राहिलीच नाही. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर गंडभेरुंड आहे आणि त्याने चोचींत, पंजांत हत्ती धरले आहेत. विजापूरच्या बुरुजावरची प्रसिद्ध तोफ मुलूख-ए-मैदान निजामशाहीत, अहमदनगरला 1549 मध्ये ओतलेली. तिचं तोंड म्हणजे सिंहाचा उघडा जबडा आहे आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडला जातो आहे. जंजिऱ्याचे सिद्दी याच निजामशाहीच्या चाकरीतून पुढे आले. आणि त्या सिद्द्यांशी ज्यांचं हाडवैर, त्या शिवाजी महाराजांच्या राजधानीच्या, रायगडाच्या दारांवरही शरभ आहेत. आज हे दोन्ही किल्ले एकाच जिल्ह्यात येतात. दोघांनी एकमेकांच्या आरमारावर तोफा डागल्या आणि दारावर प्राणी मात्र एकच बसवला.

यात नक्कल नव्हती. त्या काळी हे चित्र वाचायला लिपी येण्याची गरज नव्हती. फारसी येणारा सरदार, मोडी वाचणारा कारकून, काहीच न वाचता येणारा कोळी, सगळ्यांना हत्तीवर कोण आणि त्याच्या वर कोण हे ठाऊक होतं. लेख कोरला असता तर तो एका भाषेत कोरावा लागला असता. शरभ सगळ्या भाषांत वाचला जात होता. शत्रूला धमकी द्यायची तर ती त्याला कळायला हवी, म्हणून दोघांना तेच नियम धरावे लागले.

अर्थात जंजिरा शरभाच्या जोरावर टिकला नाही. चारी बाजूंना समुद्र, आत गोड्या पाण्याचे तलाव, तटावर तोफा, हाताशी आरमार आणि पाठीशी वेळोवेळी बदलणारा बलाढ्य धनी, आधी विजापूर आणि मग मोगल, असं त्याचं खरं बळ होतं. त्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी मुरुडसमोरच्या कासा खडकावर पद्मदुर्ग उभा केला. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्र भरून काढायला घेतला, तेवढ्यात मोगल फौज कोकणात उतरली आणि मोहीम अर्ध्यात सोडावी लागली. 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत जंजिरा सिद्द्यांकडेच राहिला. भीष्मांनी केला असता तर हाच हिशेब केला असता : योद्धा किती मोठा ते नंतर, आधी कोणत्या अटींवर लढतोय ते सांगा.

म्हणून घरातल्या पोराने उद्या अमुक पात्र तमुकापेक्षा भारी असल्याचं सांगितलं, तर गप्प बस म्हणण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारून बघा. हे कुठे लिहिलंय? कोणत्या अटीवर? आणि शेवटची पायरी कुणी ठरवली? पहिल्या प्रश्नात भांडारकर संस्था आहे, दुसऱ्यात भीष्म आणि तिसऱ्यात बेलूर आणि दारासुरम. पोरगं तिन्हींची उत्तरं देऊ शकलं, तर त्याचा अभ्यास चालू आहे असं समजायला हरकत नाही.

आणि शरभ-गंडभेरुंडाच्या वादाचा निकाल? तो विजयनगरच्या पक्ष्याने मैसूरच्या वोडेयारांच्या राजचिन्हात जागा मिळवली तेव्हा लागला. तेच चिन्ह पुढे कर्नाटक सरकारने घेतलं. मधल्या ढालीवर दोन डोक्यांचा गंडभेरुंड आणि दोन्ही बाजूंना ती ढाल धरून उभे असलेले दोन शरभ. त्यांचं अंग सिंहाचं आणि डोकं चक्क हत्तीचं. ज्याने सहा हत्ती धरले, त्यालाच शेवटी सोंड फुटली. बेळगाव-निपाणीकडचे मराठी लोक सरकारी कागदावर हे तिघे रोज बघतात. वाद कुणीच जिंकला नाही, पण दोन्ही पक्षांना सरकारी नोकरी लागली.